सातव्या दिवसाचा सुरमा

२ सप्टेंबर

बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं हाकली. निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत तोवर घरचं पोर गळ्यात पडलं. तक्रार करत नाही. माझी सून सिहाम आजपासून पोस्टात रुजू झाली, आणि माझी नात रीम सकाळी सात ते संध्याकाळी पाच माझ्या ताब्यात आली. एकोणीस महिन्यांची आहे. आईच्या हातून सुटली, आता जरा वळण लागेल.

सिहामने जाताना फ्रिजवर कागद लावला. किती वाजता काय भरवायचं, किती वाजता झोपवायचं. जणू मी कालच ताझा गावात उतरले आणि पोर म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही. शेवटची ओळ तिने दोनदा अधोरेखित केली होती: सुरमा लावायचा नाही. मी लाल पेनाने कागदातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि पुन्हा जागेवर लावला.

ती गल्लीच्या पायऱ्या उतरून गेल्यावर सुरमा लावला.

हा बाजारातला सुरमा नव्हे. माझा जवाद जन्मला तेव्हा माझ्या सासूबाईंनी मक्केहून आणलेला दगड आहे, माझ्या मुठीएवढा होता, आता अक्रोडाएवढा उरलाय. दर वसंतात मी स्वतः पितळी खलबत्त्यात कुटते, जळलेली ऑलिव्हची बी आणि लवंग घालते, रेशमी फडक्यातून तीनदा चाळते. आमच्या गल्लीत मूल जन्मलं की सातव्या दिवशी, नाव ठेवायच्या आधी, माझ्या घरून डबी जाते. भुवयांना, डोळ्यांत, बेंबीवर. कुणाला कधी दिली ते मी शाळेच्या एका जुन्या हजेरीपटात लिहून ठेवते. सवयच आहे. पहिलं नाव अर्थातच जवादचं.

पाचच्या आधी तेलाच्या बोळ्याने रीमचे डोळे पुसून ठेवले. स्वतःच्या घरात चोरासारखं वागावं लागतं याचा मला संताप येतो.

५ सप्टेंबर

जवाद जेवायला आला होता. ताझा ते फेस शहर टॅक्सी चालवतो. मास्तरणीचा मुलगा टॅक्सी चालवतो, हे ऐकायची मला सवय झाली आहे असं लोकांना वाटतं. माझ्याच वर्गात तिसरीला दोनदा बसला. रोज सकाळी पोट दुखायचं त्याचं. त्या पोटदुखीवर माझ्याकडे छडीचं औषध होतं आणि ते मी हात राखून दिलं नाही. तरी अजून बातमी वाचायची तर ओळीखाली बोट धरतो.

आज त्याला म्हटलं, "तुझी बायको मला शिकवते."

"तू तिला शिकवू देत नाहीस, आई. वाढ."

बायकोकडून बोलायला मात्र जीभ अडखळत नाही.

१२ सप्टेंबर

आज पुन्हा खाली मीलूदचं चालू होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पंचवीसेक वर्षं त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. जुन्या बॅटऱ्या फोडतो, आतलं शिसं वितळवतो. अकरा वर्षांत मी पाच अर्ज केले. गल्लीचा मुकद्दम, सरकारचा इथला माणूस, प्रत्येक अर्ज खिशात घालतो आणि मीलूदकडचा चहा पिऊन जातो.

खिडकीतून सांगितलं, "घरात लहान मूल आहे."

"माझ्याही घरात होती की बाई, चार," तो वर न बघता म्हणाला. "तुमचा आवाज ऐकून मोठी झाली."

त्याची थोरली रकिया माझ्या वर्गात होती. तिला मी 'पायरी' म्हणायची. कारण पायरीला शिकवलं असतं तर ती एव्हाना पाढे म्हणाली असती. सगळा वर्ग हसायचा, तीही हसायची, यावरून कळावं.

२४ सप्टेंबर

रीमचं बिनसलंय. चार दिवस पोट साफ नाही. चेहरा पिवळट. उगीच किंचाळते, हात लावू देत नाही. सहा शब्द बोलायची, आता 'मा' आणि 'नाही' दोनच उरले. सिहाम म्हणते डॉक्टरकडे नेऊ. मला विचाराल तर आई दिवसभर घराबाहेर, आणि घरी आली की फोनवर. मूल शब्द शिकणार कुणाकडून?

शिवाय दृष्ट आहे. मागच्या रविवारी सिहामची बहीण आली होती. "किती गुबगुबीत गं" म्हणाली आणि पुढे अल्लाचं नाव घ्यायला विसरली. मी तिथेच तिच्याकडे बघितलं. तरी नाही घेतलं.

२६ सप्टेंबर

हेन्नियाला बोलावलं. दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. सकाळी दहाला आली, सिहाम पोस्टात. मी शिकलेली बाई, या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही. पण पोर रडत असताना विश्वास कोण मोजतं?

खिडक्या लावून घेतल्या, नाहीतर निघालेली दृष्ट परत आत येते. हेन्नियाने शेगडीवर पळीत शिसं वितळवलं. रीमला माझ्या मांडीवर घेऊन दोघींवर चादर धरली, वर पाण्याचा वाडगा धरून त्यात ते ओतलं. तीन वेळा. धुराने माझे डोळे चुरचुरले, रीम खोकून खोकून लाल झाली. पाण्यात जो तुकडा तयार झाला तो हुबेहूब डोळ्यासारखा होता.

"बाई आहे," हेन्निया तुकडा फिरवत म्हणाली. "उंच. घरातली म्हणण्याइतकी जवळची."

सिहाम उंच आहे.

तो तुकडा तिठ्यावर फेकायचा असतो. पण रीमने हात पुढे केला म्हणून घटकाभर खेळायला दिला. तोंडात घालून अर्धा तास गप्प बसली. कितीतरी दिवसांनी अशी गप्प बसली. हेन्निया पैसे घेत नाही, साखर घेते; मी दुप्पट देऊन पाठवलं.

७ ऑक्टोबर

दृष्ट उतरूनही पोर सुधारेना. सिहामने फेसच्या मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला. मीही गेले. मला नेणार नव्हती, पण टॅक्सी माझ्या मुलाची आहे.

डॉक्टर लमरीनी म्हणजे एक चिमुरडी, माझ्या शेवटच्या वर्गातली वाटावी. तासभर प्रश्न विचारत होती. घर किती जुनं, रंगाचे पोपडे निघतात का, पाणी कुठलं, मातीच्या भांड्यात शिजवता का. माती खाते का.

मग म्हणाली, "सुरमा लावता?"

सिहामने लगेच सांगितलं, "नाही." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नाही."

यात खोटं काही नाही. ती बाजारातल्या, काय काय भेसळ केलेल्या सुरम्याबद्दल विचारत होती. मक्केच्या दगडाबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि सिहामसमोर त्या पोरीकडून बोलणी खायला मी काही गुन्हेगार नाही.

रक्त काढताना रीम माझ्याकडेच येण्यासाठी रडली, आईकडे नाही. हे मी नोंदवून ठेवते.

१५ ऑक्टोबर

रीमच्या रक्तात शिसं निघालं. सत्तावीस. डॉक्टरीण म्हणते पाचच्या वर गेलं तरी काळजी, आणि लहान वयात ते मेंदूत शिरतं, तिथली वाढ अडवतं. गेलेलं सगळं परत येईल असं सांगता येत नाही.

सिहाम भिंतीला टेकून खाली बसली. मला मात्र, खरं लिहायचं तर, आधी विजयाचा आनंद झाला. शिसं. आमच्या खिडकीखाली कोण वितळवतं शिसं? अकरा वर्षं ही बाई वेडी आहे म्हणत होते सगळे.

आनंद झाला याची नंतर लाज वाटली. पण आधी झाला.

१८ ऑक्टोबर

हॉस्पिटलचा कागद घेऊन मुकद्दमाच्या टेबलावर आपटला. या वेळी खिशात घालायला तो कागद माझा नव्हता, सरकारी शिक्क्याचा होता. दुपारी मीलूदच्या दुकानाला सील. सगळी गल्ली बघायला जमली. मी खिडकीतून बघितलं, खाली उतरले नाही. उतरायची गरज नव्हती.

मीलूदने हात पुसले, वर पाहिलं आणि म्हणाला, "तुमची नात बरी होवो, बाई." त्याला ते शिवीसारखं म्हणायचं होतं आणि तसंच ते ऐकू आलं. त्याची बायको नळावर माझ्याकडे पाठ करून उभी राहते. तिचे तळतळाट लागायला नकोत म्हणून रीमला आता दोन वेळा सुरमा लावते, सकाळी आणि दुपारच्या झोपेनंतर.

६ नोव्हेंबर

सिहामने खिडक्या पुसल्या, गाद्या धुतल्या, मातीची भांडी फेकली. त्यात माझ्या लग्नातलं ताजीन होतं. विचारलंसुद्धा नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, हा तिचा आणखी एक गुण.

रीम शहाणी झालीय. सुरम्याची काडी हातात घेतली की स्वतःहून मान वर करते, डोळे मिटते आणि वाट बघते. तिच्या आईने इतक्या दिवसांत तिला एवढं वळण लावलं नव्हतं. नंतर डोळे चोळते आणि बोटं चोखत बसते, ती खोड काही जात नाही. बोटं काळी होतात, मी पुसते.

शब्द मात्र एकच उरला. 'मा'. ती कुणाला म्हणते कळत नाही.

२५ नोव्हेंबर

चव्वेचाळीस.

दुकान पाच आठवडे बंद आहे आणि आकडा चढला. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, जे काही आहे ते घराच्या आत आहे. उद्या तिचा माणूस नमुने घ्यायला येणार, परवा रीमला भरती करायचं.

जवाद उंबऱ्यात बसून राहिला. जेवला नाही. सिहामने मला विचारलं, "सासूबाई, तुम्ही तिला काही देता का? मध, जडीबुटी, काहीही? मी ओरडणार नाही."

इतक्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मला वाटलं सांगावं. मग वाटलं, एकदा सांगितलं तर जन्मभर हेच ऐकावं लागेल. आणि खरंच त्यात काही नाही. इतक्या पोरांना लावला, कोण मेलं?

"मी तिला खायला जेवण देते," म्हटलं.

२६ नोव्हेंबर

जमेल तसं लिहिते.

नमुने घेणारा माणूस अकराला आला, अबोल, हातमोजे घातलेला. भिंतीचा रंग खरवडला, नळाचं पाणी घेतलं, मसाल्यांच्या डब्यांतून चिमूटचिमूट घेतलं. माझी डबी माझ्या छातीशी, कपड्यांच्या आत होती. आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे होतो, रीम सिहामच्या कडेवर.

खिडकीच्या चौकटीवरची धूळ टिपायला त्याने पिशवीतून एक काडी काढली. लाकडी, बारीक, टोकाला कापूस.

रीमने ती काडी पाहिली. मान वर केली. डोळे मिटले. आणि वाट बघत राहिली.

कुणालाच आधी कळलं नाही. तो माणूस हसला, "माझ्या डोळ्यांत घाल म्हणते की काय?" सिहाम हसली नाही. तिने रीमच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रीमने डोळे उघडले नाहीत, शहाण्या मुलीसारखी तशीच राहिली.

"कुठे आहे?" सिहाम म्हणाली.

मी डबी काढून ओट्यावर ठेवली. त्या माणसाने झाकण उघडलं, वास घेतला, दगड आहे का विचारलं. तोही दिला. दिव्याखाली धरला तर चकाकला. "बाई, हा शिशाचाच दगड आहे," तो म्हणाला. "हेच कुटलं की सुरमा होतो, हेच भट्टीत घातलं की खालच्या दुकानातलं शिसं." अगदी साध्या आवाजात म्हणाला, मी वर्गात सांगायची तसं.

तेहतीस वर्षं मी तो दगड कुटला आणि हा दगड कसला, हा प्रश्न मला पडला नाही. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

सिहाम ओरडली नाही. म्हणाली, "काल मी तुम्हाला विचारलं होतं." मग रीमचे कपडे भरायला गेली. तासाभरात ते तिघं गेले. पिशव्या उचलताना जवादने माझ्याकडे बघितलं नाही.

३ डिसेंबर

घर रिकामं. रीमला औषध चालू आहे, लघवीवाटे शिसं निघतं म्हणे. हे मला जवादने गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतूनच सांगितलं, इंजिन चालू ठेवून. बरी झाली तरी ते फेसला सिहामच्या आईकडे राहणार आहेत.

मी विचारलं, "मला भेटू देणार का?"

"तिला कुठलीही काडी दिसली तरी ती मान वर करते, आई," तो म्हणाला. "आधी ते जाऊ दे."

५ डिसेंबर

मीलूदच्या दुकानाचं सील निघालं. पण शिसं वितळवायला मनाई, ते काम आता गावाबाहेर. तो दारात आला. मला वाटलं, शिव्या देईल. मी तयारीत होते, माझ्याकडेही कमी नाहीत.

"माझ्या दुकानाचाही वाटा आहे म्हणतात," तो म्हणाला. "थोडा. ते मी मान्य करतो. माझी चार पोरं त्याच धुरात वाढली."

"मग इथे कशाला आलास?"

"रकियाबद्दल विचारायला. ती जन्मली तेव्हा आपलं भांडण नव्हतं. तुमच्याकडून सातव्या दिवशी डबी आली होती. बायको वर्षभर लावत होती, डबी संपली की तुम्ही दुसरी द्यायचात." त्याने खाली दुकानाकडे हात केला. "वरून सुरमा, खालून माझा धूर. आणि तुमच्या वर्गात ती चार वर्षं 'पायरी' होती. ते नाव अजून आहे तिला. सासरी सुद्धा."

मला म्हणायचं होतं की सगळंच सुरम्याने होत नाही, काही पोरं जन्मतःच मंद असतात. डॉक्टरीणही तसंच म्हणेल. मी तोंड उघडलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही फार बोललात, बाई. मी फार धूर केला." आणि पायऱ्या उतरून गेला. माझ्याकडे होत्या त्या सगळ्या शिव्या माझ्याकडेच राहिल्या.

८ डिसेंबर

डॉक्टरिणीचा फोन. सहा वर्षांखालच्या ज्या ज्या मुलांना माझा सुरमा गेला त्यांची नावं हवीत, सगळ्यांचं रक्त तपासायचंय. मी म्हटलं, नोंद आहे. ती म्हणाली, "फार बरं झालं. असं कुणाकडेच नसतं." इतक्या दिवसांत माझं कौतुक झालं ते हे.

जवाद उद्या फेसला जाताना यादी घेऊन जाईल.

९ डिसेंबर

सहा वर्षांखालची नावं काढायला अर्धा तास लागला. अकरा. स्वच्छ अक्षरात लिहिली, जन्मतारखेसह.

मग हजेरीपट मिटायला हवा होता. मागची पानं चाळली. ही सगळी नावं मला पाठ आहेत, एकदा सातव्या दिवसाची म्हणून आणि पुन्हा सात वर्षांनी माझ्या वर्गातली म्हणून. हिशाम, ज्याला 'ब' आणि 'त' कळेपर्यंत ईद उलटायची. जुळे यासिर आणि निझार, एका जागी बसायचे नाहीत म्हणून मी त्यांचे पाय बाकाला बांधले होते. सौदा, पोट धरून रडायची, ढोंगी म्हणायची मी तिला. रकिया. काही चांगली हुशारही निघाली, इंजिनियर झाली, तेही लिहायला हवं. पण त्यांना छडी लागली नाही म्हणून त्यांची नावं मला इतकी आठवत नाहीत.

कुणाचं किती सुरम्याने, किती धुराने, किती नशिबाने, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मारणारा हात मात्र एकच होता, आणि डबी देणाराही तोच.

डॉक्टरिणीने फक्त लहानांची मागितली होती. मी सगळी उतरवली. त्रेचाळीस. हजेरीपटाच्या क्रमानेच, कारण क्रम बदलायचा म्हणजे पुन्हा खोटं.

खाली जवादने हॉर्न दिला. तो वर येणार नाही, मला खाली जाऊन कागद द्यावा लागेल. तो लगेच उघडून बघेल, ओळीखाली बोट धरून, हळूहळू. पहिलं नाव त्याचंच आहे.